कोल्हापुरात घरदुरुस्तीसाठी भरवशाचा माणूस कसा शोधता?

पंचगंगातीर | १३ एप्रिल, रात्री ९.४०

आईबाबा कोल्हापुरात संभाजीनगर भागात राहतात, मी नोकरीसाठी पुण्यात. घर १९९४ सालचं, खाली-वर मिळून पाच खोल्या. गेल्या पावसाळ्यात वरच्या खोलीचं छत गळायला लागलं आणि दिवाळीपर्यंत पोपडे हातात यायला लागले. बाबांनी तीन जणांना बोलावलं. पहिला गच्चीवर एक चक्कर मारून ४० हजार म्हणाला. दुसरा ९५ हजार. तिसऱ्याने टेप लावून मोजमाप घेतलं, खालून छतावर ठोकून बघितलं आणि १ लाख ७० हजार सांगितले. गच्ची तीच, साधारण ८०० चौरस फूट.

बाबा म्हणतात मधला धरू, म्हणजे फार फसणार नाही. मला हे पटत नाही, पण दुसरं काय करायचं तेही सुचत नाही. मागच्या वर्षी नात्यातल्याच एकाने प्लंबर दिला होता. तो न्हाणीघराचं काम अर्धं टाकून गेला आणि नात्यातला म्हणून त्याला धड बोलताही आलं नाही.

तर तुम्ही माणूस कसा शोधता? नावं आणि नंबर इथे उघड नकोत, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पद्धत मात्र इथेच लिहा. मिरगाच्या आधी काम उरकायचं आहे.

रंकाळ्याचावारा | १३ एप्रिल, रात्री ९.५२

तिघांना एकदम मिसळ खायला न्या. बिल आल्यावर जो मोबाईल कानाला लावून बाहेर जातो, तो बाद.

गल्लीतलाआबा | १३ एप्रिल, रात्री १०.३०

माझी पद्धत जुनी आहे, पण आजवर फेल गेलेली नाही. ज्या दुकानातून सिमेंट, पाईप, रंग घेता त्या दुकानदाराला विचारायचं, "तू उधारीवर माल कुणाला देतोस?" चांगलं काम कोण करतो असं विचारलं तर तो चार नावं सांगेल. उधारी कुणाला देतो म्हटलं की एकच सांगेल, कारण तिथं त्याचा स्वतःचा पैसा अडकलेला असतो. जो दुकानदाराचे पैसे वेळेवर फेडतो, त्याचं काम अर्ध्यावर अडकत नाही. आमच्या पेठेत तरी हाच हिशेब चालत आलाय.

ब्रशआणिडबा | १३ एप्रिल, रात्री १०.४८

आबा, पद्धत भारी आहे, पण एक बाजू राहिली. दुकानदार त्याच मिस्त्रीचं नाव सांगतो जो माल त्याच्याकडूनच उचलतो. त्यात मिस्त्रीचा कट असतो आणि तो बिलात बसतो. रंगाच्या डब्यांत तर कंपन्याच पेंटरसाठी टोकन नाहीतर पॉइंट ठेवतात. त्यामुळे पेंटर अमुकच ब्रँड घ्या म्हणून अडून बसला तर कारण रंगातच असेल असं नाही. मी बारा वर्षं रंगाच्या धंद्यात आहे, म्हणून सांगतोय.

गल्लीतलाआबा | १३ एप्रिल, रात्री ११.०५

कट घेऊ दे की. काम नीट करून चार पैसे जास्त गेले तर माझी ना नाही. कट घेऊन वर पळून जातो त्याची भीती.

खरीकॉर्नर | १४ एप्रिल, सकाळी ७.१५

आबांचं बरोबर हाय. भावा, कोल्हापुरात माणूस शोधायचा म्हणजे तालमीत जाऊन बसायचं. कोण कुणाच्यात काम करून पळाला, कुणाची स्लॅब दुसऱ्याच पावसात गळली, सगळी कुंडली तिथं मिळती. फुकटात. वर चहा बी मिळतोय.

सिव्हिलवाली | १४ एप्रिल, दुपारी १.२०

मूळ प्रश्नाकडे येते. पंचगंगातीर, तुमच्या तिघांनी एकाच कामाचे तीन दर सांगितलेले नाहीत. त्यांनी तीन वेगवेगळी कामं सांगितली आहेत. तीन डॉक्टरांनी तीन वेगळे आजार सांगितले आणि आपण फीची सरासरी काढत बसलो, असं झालंय हे.

४० हजारवाला बहुतेक गच्ची घासून, भेगा भरून वरून केमिकलचे दोन-तीन हात देणार असेल. ९५ हजारात विटांच्या तुकड्यांचा कोबा, म्हणजे गच्चीवर जाड थर, येत असावा. तिसऱ्याने खालून ठोकून बघितलं म्हणता, म्हणजे त्याला स्लॅबच्या सळीची शंका आली असणार. सुटलेलं काँक्रीट काढणं, सळी घासणं, तिला गंजरोधक लावणं, पॅच भरणं आणि मग वरचं काम, असा त्याचा आकडा असेल. हे सगळं माझा अंदाज आहे, पण तिघांना फोन करून विचारलंत तर पाच मिनिटांत कळेल.

आता तुम्ही स्वतः करायची गोष्ट. छताला हातोडीने हळू ठोकत जायचं. घट्ट आवाज आला तर ठीक. डबडब पोकळ आवाज आला किंवा पोपड्यामागे तांबूस डाग दिसले, तर सळी गंजलेली असू शकते. गंज चढला की सळी फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडते. अशा स्लॅबवर नुसतं केमिकल मारलं तर दोन पावसाळे बरे जातील आणि आतला गंज चालूच राहील.

दुसरं, आधीचा कोबा आहे का ते बघा. १९९४ चं घर म्हणजे बहुतेक असेलच. जुना न काढता त्यावर नवा घालू म्हणणाऱ्याला घरात घेऊ नका. चार इंच कोबा म्हणजे १०० चौरस फुटाला जवळपास पावणेदोन ते दोन टन वजन. तुमच्या गच्चीवर ते पंधरा टनांच्या आसपास जाईल, आणि हे ओझं त्याच जुन्या स्लॅबच्या डोक्यावर बसणार.

म्हणून आधी एखाद्या इंजिनिअरला फी देऊन घर दाखवा. दोन-तीन हजार जातील. त्याच्याकडून काय करायचं ते एका कागदावर लिहून घ्या: जुना थर काढायचा की नाही, उतार किती (१०० ला १ तरी हवाच), पॅरापेटच्या (कठड्याच्या) कोपऱ्यात वाटा (गोलाई) मारायचा, पन्हळीच्या तोंडाशी काय करायचं, शेवटी पाणी साठवून चाचणी. तोच कागद तिघांना द्या आणि त्यावर दर मागवा. मग कोण महाग आणि कोण स्वस्त ते ठरवता येईल.

रंकाळ्याचावारा | १४ एप्रिल, दुपारी १.३१

पंधरा टन! म्हणजे गच्चीवर तीन हत्ती बांधल्यासारखं. वाखूसा (वाचनखूण साठवली).

नोकरदारनवरा | १४ एप्रिल, दुपारी ४.१०

ॲपवरून मागवा ना. रेटिंग बघून. मी नळ, पंखा, गीझर सगळं तसंच करून घेतो. रेट आधीच ठरलेला, वाद नाही.

सिव्हिलवाली | १४ एप्रिल, दुपारी ४.४०

नळाला आणि पंख्याला ॲप चांगलंच आहे, मीही वापरते. पण रेटिंग काम संपल्यावर तासाभरात दिलं जातं. गच्चीचं रेटिंग दोन पावसाळ्यांनी द्यायला हवं, तेव्हा ते कुणी विचारत नाही.

चिरेबंदी | १४ एप्रिल, रात्री १०.१५

बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज लिहावंसं वाटलं. मी स्वतः छोटी कंत्राटं घेतो. दुरुस्ती, वाढीव बांधकाम, फरशी. माझ्या बाजूनं दोन-चार गोष्टी सांगतो, राग मानू नका.

पहिली गोष्ट पैशाची. काम सुरू करायच्या आधी निम्मे पैसे मागणारा बघून तुम्ही घाबरता, ते बरोबरच आहे. पण एक रुपया उचल न घेता काम धरणारा असेल तर त्याच्यापासूनही सावध राहा. तो एक तर दुसऱ्या साईटचे पैसे तुमच्याकडे वापरतोय, नाहीतर तुमच्याकडचे उद्या तिसरीकडे नेणार आहे. मी लेबर रेटच्या कामाला वीस टक्के घेतो. पुढचे पैसे टप्प्याटप्प्यानं: तोडफोड झाल्यावर, भरणं झाल्यावर, पाणी साठवून बघितल्यावर. माल मालकाने स्वतः आणला तर मला आनंदच आहे, माझं भांडवल अडकत नाही आणि कटाचा संशयही येत नाही.

दुसरी गोष्ट, माझी माणसं. कुठल्याही कंत्राटदाराकडे गेलात तर त्याच्या बोलण्यापेक्षा त्याच्या बिगाऱ्याशी चहाच्या वेळी बोला. "किती वर्षं आहेस रे यांच्याकडे?" एवढंच विचारा. चार-पाच वर्षं तेच गवंडी, तेच बिगारी असतील तर समजा शनिवारचा पगार चुकत नाही. दर कामाला नवी माणसं दिसली तर जुनी का गेली ते शोधा. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी करायला त्यांना वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो दाखला कंत्राटदार माणसांना मिळवून देतो का, हेही विचारून बघा. जो स्वतःच्या माणसांच्या सहीसाठी तासभर घालवत नाही, तो तुमच्या गळक्या पन्हळीसाठी परत येईल?

तिसरी गोष्ट तुम्हाला आवडणार नाही. निम्मी भांडणं मालकामुळे होतात. गिलावा झाल्यावर "इथं एक बोर्ड वाढवा की", फरशी बसल्यावर "हा नळ तिकडं घ्या की". आणि शेवटी बिल बघून "एवढं कसं झालं?" वाढीव काम निघालं की त्याच दिवशी वहीत लिहायचं, खाली दोघांची सही. माझ्याकडे अशी वही आहे. काही मालकांना वही काढली की अपमान वाटतो.

ब्रशआणिडबा | १४ एप्रिल, रात्री १०.३०

चिरेबंदी, प्रतिसाद आवडला. मोजमापाबद्दलही लिहा. तिथं सगळ्यात जास्त घोळ होतो.

चिरेबंदी | १४ एप्रिल, रात्री ११.१०

हो. दर किती हे सगळे विचारतात, मोजणार कसं हे कुणी विचारत नाही. गिलाव्यात दारं-खिडक्या वजा करायच्या का, यावर मी माणसं हातघाईवर आलेली बघितलीत. भारतीय मानक १२०० मध्ये पद्धत दिलेली आहे. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट नाही. अर्धा ते तीन चौरस मीटरपर्यंत, म्हणजे आपली नेहमीची दारं-खिडक्या, फक्त एका बाजूची वजावट, कारण कडेच्या बगला भराव्याच लागतात. त्याहून मोठी असेल तर दोन्ही बाजू वजा करायच्या आणि बगला वेगळ्या मोजून धरायच्या. आपल्याकडे बरेच जण वजावटच करत नाहीत आणि मालकाला ते शेवटच्या दिवशी कळतं. हेच आधी ठरलं तर पुढे वाद नाही. तसंच स्कर्टिंग (फरशीलगतची भिंतीवरची पट्टी) रनिंग फुटात धरायचं की चौरस फुटात, तेही आधीच ठरवा.

काळाकोट | १५ एप्रिल, सकाळी ९.००

कायद्याची बाजू थोडक्यात. पैसे घेऊन घरदुरुस्ती करून देणारा कंत्राटदार हा ग्राहक कायद्यात सेवा पुरवणारा ठरतो. २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. वकील सक्तीचा नाही.

पण कागद हवा. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ जणांकडे काहीच नसतं. "सगळं रोख दिलं, विश्वासानं." निदान पैसे यूपीआयने द्या आणि शेऱ्यात "गच्ची, दुसरा टप्पा" असं लिहा. व्हॉट्सॲपवरचं बोलणं डिलीट करू नका. काम सुरू व्हायच्या आधीचे फोटो तारखेसह काढून ठेवा.

आणखी एक. फ्लॅट नवा असेल आणि ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील, तर बांधकामातल्या दोषासाठी रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे आधी बिल्डरला लेखी कळवा. ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करून देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. लोक हे विसरतात आणि स्वतःच्या खिशातून करून घेतात.

गल्लीतलाआबा | १५ एप्रिल, सकाळी ९.२०

कागद, सही, वही, आयोग. आमच्या वडिलांनी शिवाजी पेठेतलं सगळं घर तोंडी बोलीवर बांधून घेतलं. गवंडी जन्मभर दसऱ्याला सोनं द्यायला यायचा. कागद आला की माणूस दूर जातो.

चिरेबंदी | १५ एप्रिल, सकाळी १०.०५

आबा, तेव्हा तो गवंडी पुढच्या गल्लीत राहायचा. चुकला असता तर त्याच्या बायकोला नळावर चार बायकांनी ऐकवलं असतं. आज माझा फरशीवाला राजस्थानचा, पीओपीवाला बिहारचा, गवंडी विजापूरकडचा. सगळे कामाला चोख आहेत, पण त्यांना तुमच्या गल्लीची लाज धरायचं कारण नाही आणि तुम्हाला त्यांच्या गावची ओळख नाही. कागद असला तर दोघांचंही भागतं. मला तर मालकाच्या आधी कागद हवा असतो.

खरीकॉर्नर | १५ एप्रिल, सकाळी १०.१२

तरीच म्हणतोय, स्थानिक माणसाला काम द्या.

मोरेवाडीची | १५ एप्रिल, दुपारी १२.३०

स्थानिक-बाहेरचे हा वाद इथे नको, प्लीज. आमच्याकडचं काम अर्धवट टाकून गेलेला अगदी स्थानिक होता, दोन गल्ल्या सोडून.

मला वेगळं लिहायचंय. घरातली बाईच कामावर देखरेख ठेवणार असेल तर काय होतं ते. नवरा बाहेरगावी असतो, त्यामुळे आमचं स्वयंपाकघर आणि मागची भिंत मीच करून घेतली. पहिला मिस्त्री प्रत्येक गोष्टीला म्हणायचा, "साहेब आले की बोलतो." मी दर विचारला तरी उत्तर फोनवर साहेबांना जायचं. त्याला पहिल्याच आठवड्यात रजा दिली. दुसऱ्याला पहिल्याच दिवशी सांगितलं, पैसे माझ्या खात्यातून जाणार, त्यामुळे साहेब मीच. तो हसला आणि "बरं ताई" म्हणून कामाला लागला. माणूस पारखायची ही माझी सगळ्यात सोपी पद्धत.

आणि मालावर नजर ठेवायला इंजिनिअर असावं लागत नाही. सिमेंटचं पोतं ५० किलोचं, म्हणजे साधारण सव्वा घनफूट. त्याच मापाचा लाकडी फर्मा करून घेतला. बाहेरच्या गिलाव्याला एक पोतं आणि चार फर्मे वाळू, असं ठरलं होतं. घमेल्यानं अंदाजे टाकायचं नाही. गवंडी पहिले दोन दिवस कुरकुरला, नंतर स्वतःच फर्मा मागायला लागला, कारण माल रोज सारखा पडत होता. संध्याकाळी रिकामी पोती मोजायची, एवढंच माझं काम.

सिव्हिलवाली | १५ एप्रिल, दुपारी १२.४१

फर्म्यासाठी उभं राहून टाळ्या. साईटवरसुद्धा तो कितीदा आणावा लागतो म्हणून सांगू.

शाहूपुरीकर | १५ एप्रिल, सायंकाळी ६.००

थोडं अवांतर, पण इथे जाणकार आहेत म्हणून विचारतो. आमचं घर २०१९ च्या पुरात छातीपर्यंत पाण्यात होतं, २०२१ च्या जुलैत पुन्हा. तेव्हापासून खालच्या भिंतींना लोणा लागतोच आहे. दरवर्षी खरवडून पुट्टी, प्रायमर, रंग. दिवाळीला भिंत झकास, शिमग्याला परत पांढरी पावडर. तीन पेंटर बदलले. प्रत्येक जण म्हणतो आधीच्याने माल हलका वापरला.

ब्रशआणिडबा | १५ एप्रिल, सायंकाळी ६.२५

पेंटर कितीही बदला, भिंत तीच आहे. पुराच्या पाण्यातले आणि मातीतले क्षार भिंतीत आहेत. ओल बाहेर पडताना ते पृष्ठभागावर येतात आणि रंगाला ढकलून पाडतात. भिंत पूर्ण वाळायच्या आधी रंग लावला की हे होणारच. मी पूर आलेल्या घरांना पुढच्या उन्हाळ्याच्या आत रंग देत नव्हतो. गिऱ्हाइकं दुसऱ्याकडे गेली, त्यातली काही नंतर परत आली.

सिव्हिलवाली | १५ एप्रिल, सायंकाळी ७.१०

भिंत कशात बांधली आहे? जुनं घर मातीत किंवा चुन्यात असेल आणि नंतर कुणी सिमेंटचा गिलावा केला असेल, तर ओलीला बाहेर पडायची वाट उरत नाही. मग ती भिंतीत वर चढत जाते. खालचा चार-पाच फुटांचा सिमेंटचा थर काढून भिंत एक पूर्ण उन्हाळा उघडी ठेवा आणि मग चुन्याचा गिलावा करा. चुन्याचं काम येणारे गवंडी कमी राहिलेत, पण आहेत. आणि "या भिंतीला आत्ता हात लावू नका" असं जो सांगेल त्याचा नंबर जपून ठेवा.

शाहूपुरीकर | १५ एप्रिल, सायंकाळी ७.३०

वीट आणि माती, वर सिमेंट. बरोब्बर पकडलंत. धन्यवाद, वेगळा धागा काढतो.

रंकाळ्याचावारा | १५ एप्रिल, सायंकाळी ७.४५

काढूच नका. या धाग्यावर सगळे जाणकार फुकट सापडलेत.

उशिराआलेला | १७ एप्रिल, सकाळी ८.१०

चर्चा उत्तम, पण मिरगाआधी काम उरकणं विसरा. मार्च ते मे सगळ्या कोल्हापूरच्या गच्च्या एकदमच आठवतात. त्यात चैत्रात जोतिबा, मग गावोगावच्या जत्रा. आमच्या गवंड्याच्या गावची म्हाई निघाली की सगळी टीम तीन दिवस गायब, आणि चौथ्या दिवशी फोनवर आवाज बसलेला. शिवाय वळवाचा पाऊस. ॲक्रिलिकचं केमिकल मारायचं तर गच्ची कोरडी हवी, आणि वळीव नेमका दुपारी चारला गाठतो.

खरीकॉर्नर | १७ एप्रिल, सकाळी ८.३०

काळम्मावाडी धरणातून थेट पाईपलाईनचं पाणी कोल्हापुरात यायला २०२३ ची दिवाळी उजाडली. तुमचा गवंडी चार दिवस उशिरा आला तर काय बिघडलं मर्दा.

मोरेवाडीची | १७ एप्रिल, सकाळी ९.००

बिघडतं. उशीर होणार हे आधी फोन करून सांगणारा आणि आपण केलेला फोन न उचलणारा, यात फरक आहे. मी दुसऱ्याला कितीही कुशल असला तरी परत बोलावत नाही.

दहावर्षांचीगॅरंटी | १७ एप्रिल, दुपारी २.१५

माझ्या नावावरून कळेलच. एकाने तोंडी दहा वर्षांची गॅरंटी दिली होती. तिसऱ्या पावसाळ्यात गच्ची गळली तेव्हा तो म्हणाला, "गॅरंटी केमिकलची होती, गच्चीची नव्हती." गॅरंटी देतोय कोण, कंपनी की कंत्राटदार? कंपनीची असेल तर तिच्या मान्यताप्राप्त माणसाने काम केलेलं हवं आणि प्रमाणपत्र तुमच्या नावावर हवं. कंत्राटदाराची असेल तर गळल्यावर तो काय करणार हे लिहून हवं: फक्त मजुरी त्याची, की मालही त्याचा?

पंचगंगातीर | १७ एप्रिल, रात्री १०.००

सगळ्यांचे आभार, इतकं येईल असं वाटलं नव्हतं. बाबांनी आज हातोडीने ठोकून बघितलं. वरच्या खोलीत दोन ठिकाणी पोकळ आवाज येतोय. इंजिनिअर मंगळवारी येणार आहेत. एक शंका: पाणी साठवून चाचणी म्हणजे नेमकं काय आणि किती वेळ? आणि इतकं पाणी आणायचं कुठून?

सिव्हिलवाली | १७ एप्रिल, रात्री १०.२५

पन्हळीची तोंडं बंद करायची, दाराशी विटांचा बांध घालायचा आणि दोन-तीन इंच पाणी ४८ तास उभं ठेवायचं. पातळी किती उतरली ते बघायचं, उन्हात थोडी उतरतेच. खाली छताला नवी ओल येते का हे महत्त्वाचं. ही चाचणी कामाच्या आधीही एकदा करा, म्हणजे गळतं कुठून ते कळेल. कित्येकदा गच्ची ठीक असते आणि टाकीच्या पाईपचा जोड गळत असतो. दोन इंच धरलं तरी ८०० चौरस फुटांना जवळपास पावणेचार हजार लिटर पाणी लागतं. टँकर मागवा, किंवा गच्चीचे भाग पाडून एकेक तपासा.

गल्लीतलाआबा | १७ एप्रिल, रात्री १०.४०

आणि काम झाल्यावर गवंड्यांना तांबडा-पांढरा घाला. हे कुठल्या मानकात नाही, पण पुढच्या पावसाळ्यात फोन केला की माणूस येतो.

चिरेबंदी | १७ एप्रिल, रात्री १०.४३

आबांच्या या मुद्द्याला माझ्या सगळ्या माणसांचं +१.

पंचगंगातीर | २६ जून, रात्री ८.३०

बऱ्याच जणांनी व्यनि करून काय झालं विचारलं, म्हणून इथेच लिहितो.

इंजिनिअरने दोन पानी कागद करून दिला. दोन खोल्यांत मिळून सळीचं काम आहे, जुना कोबा काढायचा, नवा कोबा न घालता हलक्या थराने उतार काढून वर केमिकल. तोच कागद तिघांना दिला. ९५ हजारवाला कागद बघून म्हणाला, "असलं काही लागत नाही, मी कोबा मारून देतो," आणि पुन्हा फोन उचलला नाही. १ लाख ७० हजारवाला कोबा नाही म्हटल्यावर १ लाख ४८ हजारांवर आला. त्याने दर वेगवेगळे फोडून दिले आणि मोजमापाची पद्धतही लिहून दिली.

४० हजारवाल्याने मात्र धक्का दिला. तो म्हणाला, "साहेब, सळीचं काम मला येत नाही. मी फक्त केमिकल मारतो. तुम्ही विचारलंत ते मी सांगितलं." बाबांना तो इतका आवडला की न्हाणीघराचं अर्धं राहिलेलं वॉटरप्रूफिंग त्याला दिलं, आणि ते झालंही.

गच्चीचं काम तिसऱ्याने केलं. आईने चहाच्या वेळी त्याच्या माणसांना विचारलं, एक गवंडी सात वर्षं त्याच्याकडे आहे. वळवाने दोनदा अडवलं, दोन्ही वेळा त्याचा फोन आधी आला. वाढीव काम एकच निघालं, टाकीखालचा जोड, ते बाबांनी वहीत लिहून सही घेतली. मिरगाऐवजी १४ जून उजाडला. आत्ता चार दिवस झड लागली आहे आणि छत कोरडं आहे. दोन पावसाळे गेल्यावरच खरं सांगता येईल हे सिव्हिलवाली यांचं म्हणणं लक्षात आहे.

मोरेवाडीची | २६ जून, रात्री ८.५०

मस्त. ४० हजारवाल्याचा नंबर व्यनि करा, आमचं न्हाणीघर बाकी आहे.

शाहूपुरीकर | २६ जून, रात्री ९.०५

मलाही. आणि चुन्याचं काम येणारा गवंडी कुणाला माहीत असेल तर तोही. खालचा गिलावा काढून भिंत उघडी टाकली आहे, पाहुणे आले की बायको माझ्याकडे बघते.

चिरेबंदी | २६ जून, रात्री ९.३०

पंचगंगातीर, अभिनंदन. शेवटचं बिल दिलंत का त्याचं?

पंचगंगातीर | २६ जून, रात्री ९.३४

नव्वद टक्के दिलेत. कागदात ठरल्याप्रमाणे दहा टक्के गणपतीनंतर.

चिरेबंदी | २६ जून, रात्री ९.३६

कुठल्या वर्षीच्या गणपतीनंतर, तेही कागदात लिहिलंय ना?